लँड आर्मीतील मुलीच्या रोजनिशीवरून तिचे चरित्र कसे लिहावे

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील पुरुष सैन्यात गेले, तेव्हा त्यांच्या शेतांची कामे ‘विमेन्स लँड आर्मी’तील मुलींनी अंगावर घेतली आणि त्यांतील काहींनी दिवसभर राबून रात्री रोजनिशीही लिहिली. अशा एखादीचे चरित्र लिहायचे असेल, तर भरतीच्या भित्तिपत्रकावरील हसऱ्या मुलीपासून सुरुवात न करता मजुरीपासून करावी. सुरुवातीला अठरा वर्षांवरील मुलीला आठवड्याला २८ शिलिंग (तेव्हाचे ब्रिटिश नाणे) मिळत आणि त्यांतले १४ राहण्या-जेवणापोटी कापले जात. उरलेल्या पैशांत तिने वही आणि टपाल तिकिटे घेतली, हे ध्यानात आले की तिच्या लेखनाचे मोल वेगळेच वाटू लागते.

त्यानंतर भरतीची तारीख पाहावी. पहिल्या महायुद्धातली ही संघटना जून १९३९ मध्ये पुन्हा उभी राहिली, तर स्त्रियांना सक्तीच्या सेवेत घेणारा कायदा डिसेंबर १९४१ चा आहे. त्यामुळे ती आपण होऊन आली की कायद्यामुळे एखादी सेवा निवडणे भाग पडले, हे शोधल्याशिवाय तिच्या उत्साहाबद्दल किंवा कुरबुरीबद्दल मत बनवू नये.

सर्वाधिक काळजी वेळेच्या नोंदींत घ्यावी, कारण अभ्यासक इथेच हमखास फसतात. १९४१ पासून उन्हाळ्यात घड्याळे ग्रिनिच वेळेच्या दोन तास पुढे असत. रोजनिशीत ‘सकाळी सहाला धारा काढल्या’ असे असेल, तर सूर्याच्या हिशेबाने ते चारच वाजलेले असत. आणि रात्री दहालाही उजेड असल्याने कापणी लांबत जाई. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी सूर्याची वेळ लिहून ठेवावी. एखाद्या जूनमधील पानावर दोनच ओळी आढळल्या, तर तिला लिहायचा कंटाळा आला असे न समजता त्या दिवशी किती तास काम झाले ते मोजावे.

कामाची माहिती स्वतंत्रपणे करून घ्यावी. धारा काढणे शिकवताना रबरी सडे लावलेल्या कॅनव्हासच्या पिशवीवर सराव करून घेत. खऱ्या गाईखाली बसल्यावर मात्र मनगटे भरून येत आणि बोटे वळेनाशी होत. मळणीयंत्राजवळ दिवस काढल्यावर भूस आणि धूळ नाकातोंडात, केसांत जाऊन बसे. हा थकवा अक्षरातही उमटू शकतो, म्हणून त्या आठवड्यातले हस्ताक्षर फोटोतून नव्हे, तर शक्यतो मूळ वहीतूनच पाहावे.

संघटनेच्या ‘द लँड गर्ल’ मासिकात तिची कविता छापून आली असेल, तर ती रोजनिशीतील त्याच महिन्याशी ताडून पाहावी; छापायला दिलेले आणि वहीत ठेवलेले यांत फरक असणारच, आणि माझ्या मते खरी लेखिका त्या फरकातच सापडते.

चरित्र मे १९४५ मध्ये संपवू नये. इतर स्त्रीदलांना दिलेले युद्धोत्तर लाभ या मुलींना सरकारने नाकारले, म्हणून संघटनेच्या प्रमुख लेडी डेनमन यांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये राजीनामा दिला. संघटना मात्र १९५० पर्यंत चालू राहिली, त्यामुळे युद्ध संपल्यानंतरच्या नोंदीही शेवटच्या पानापर्यंत तितक्याच बारकाईने वाचाव्यात.