तेजोमेघाच्या फोटोत तारे लांबुळके येत होते, मग असं जमलं

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, रात्री लाइट गेली की आभाळ असं काळंभोर होते की बस. पण दोन महिने मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे वायू अन् धुळीच्या ढगाचा (यादीतलं नाव एम ४२), दुर्बिणीतून एक फोटो धड येईना. ३० सेकंदाच्या फोटोत तारा ज्वारीच्या दाण्यासारखा गोल पाहिजे तर तांदळासारखा लांबुळका! आधी वाटलं वारा, मग दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरला शिव्या घातल्या.

चूक माझीच होती बाप्पा. माउंट म्हणजे दुर्बिणीचा फिरता स्टँड, त्याचा आख ध्रुवाकडं रोखला तरच तो ताऱ्यांमागं नीट फिरते. अंगणातल्या कडुनिंबामागं ध्रुवतारा दिसतच नाही, म्हणून मी मोबाइलचं होकायंत्र माउंटला टेकवून उत्तर धरायचो अन् माउंटचं लोखंडी वजन त्याला भलतीच दिशा दाखवायचं, त्यात आखाचा कोन कंपनीतून आला तसाच ४० अंशावर, अन् आपल्याकडं ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २० अंशावर.

मग सगळं सामान खळ्यात नेलं, कोन २० वर आणला, आखाच्या भोकातून ध्रुवतारा नजरेनं धरला. फोटो १५ सेकंदाचे केले, असे ८० काढून स्टॅक केले, म्हणजे एकावर एक ठेवून त्यांचा एकच फोटो केला. शेजारच्या गव्हाला रात्री ओलीत चालू होतं, दव लय, तर दुर्बिणीच्या नळीच्या तोंडाला जुनी फोमची चटई गुंडाळली.

मधले चार तारे वेगळे दिसले, भोवती गुलाबी धूर. आईला दाखवलं तर म्हणते, "काहून रे, पऱ्हाटीचं बोंड फुटलं का?"