घरातून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करताना कामाचे समाधान कसे मिळवावे

अमेरिकेतील एखादा डॉक्टर रुग्ण तपासून झाल्यावर घाईघाईने जे बोलून ठेवतो, ते ऐकून त्याचा शुद्ध आणि नीट मांडलेला अहवाल तयार करणे, हे आपले काम. घरी बसून ते करणाऱ्या बहुतेकांची सुरुवातीच्या काळात एकच तक्रार असते, की पैसे ओळींवर मिळतात, ओळी काही वाढत नाहीत आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून आपण नेमके काय केले हे घरच्यांनाही समजावता येत नाही. मी अनेक वर्षे हे काम करते आहे. ओळींच्या मागे धावून मला समाधान कधी मिळाले नाही. एखादा अहवाल पाठवताना त्यातला शब्द न् शब्द आपण तपासला आहे, अशी खात्री वाटू लागली तेव्हा ते मिळू लागले. ही खात्री सवयीने येते आणि ती सवय कशी लावावी, हेच येथे सांगायचे आहे.

आधी पैशाचा प्रश्न मिटवून घ्यावा, कारण तो मनात खदखदत राहिला तर कामात लक्ष लागत नाही. पडद्यावर दिसणारी ओळ आणि मोबदल्याची ओळ या वेगळ्या असतात. सामान्यतः शब्दांमधील मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरचिन्हांची एक ओळ मानली जाते. मोकळ्या जागा मोजणार का, साच्यात आधीपासून असलेल्या मजकुराचे पैसे मिळणार का आणि चूक निघाल्यास कपात कशी होणार, हे काम स्वीकारतानाच लेखी विचारावे. मी हे विचारले नव्हते. पहिल्या महिन्यात माझ्या वहीतला हिशेब आणि हातात आलेली रक्कम यांचा मेळ बसला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस प्रत्येक फाइल उघडताना तेच आठवत असे.

वेगासाठी बोटांवर अत्याचार करण्याची गरज नाही. शस्त्रक्रियेच्या अहवालात 'द पेशंट वॉज प्रेप्ड अँड ड्रेप्ड इन द यूझ्वल स्टराइल फॅशन' (रुग्णाला नेहमीच्या निर्जंतुक पद्धतीने शस्त्रक्रियेसाठी तयार करून झाकले) हे वाक्य जवळजवळ ठरलेले असते. ते वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये चार अक्षरांच्या खुणेखाली साठवले की एका क्षणात उमटते. मात्र अशी खूण कोणत्याही खऱ्या शब्दासारखी नसावी, अन्यथा नको तेथे ते वाक्य उमटते. फूट पेडल, म्हणजे पायाने दाबून फाइल थांबवण्याचे आणि पुन्हा सुरू करण्याचे साधन, असेल तर हात कीबोर्डवरून उचलावे लागत नाहीत, आणि महिन्याअखेरीस मनगटांना त्याचा फरक जाणवतो.

आता मुख्य गोष्ट. ऐकू न आलेला शब्द अंदाजाने लिहू नये. मेटोप्रोलॉल या रक्तदाबाच्या औषधाचे प्रमाण 'फिफ्टीन' ऐकू आले की 'फिफ्टी', असा पेच मला एकदा पडला. ५० मिलिग्रॅमची गोळी सर्रास वापरात असते, त्यामुळे ५० लिहिण्याचा मोह झाला. मी फाइल मंद गतीने तीनदा ऐकली, पुढच्या परिच्छेदात त्याच औषधाचा उल्लेख शोधला, तो मिळाला नाही, तेव्हा जागा रिकामी ठेवून वेळेची नोंद केली आणि टिपणी जोडली. नवख्या माणसाला रिकामी जागा म्हणजे अपयश वाटते. माझ्या मते ती या कामातील सर्वांत प्रामाणिक खूण आहे, कारण ती पाहून डॉक्टर थांबतो आणि स्वतः खातरजमा करतो. सुरुवातीला उजवा गुडघा आणि शेवटी डावा गुडघा असे बोलले गेले असेल, तरी आपण त्यातला एक निवडू नये. तेथेही टिपणीच द्यावी.

चुका कोठे दबा धरून बसतात हे कळले की काम अधिक आवडू लागते. वाढलेला रक्तदाब म्हणजे हायपरटेन्शन आणि कमी झालेला म्हणजे हायपोटेन्शन, आतड्याचे इलियम आणि कमरेच्या हाडाचे इलियम, गिळण्यातील अडचण म्हणजे डिस्फेजिया आणि बोलण्यातील अडचण म्हणजे डिस्फेशिया: या जोड्या कानाला सारख्या लागतात, परंतु संदर्भ पाहिला की उलगडतात. इन्शुलिनच्या मात्रेत 'युनिट' ऐवजी नुसते 'यू' लिहिले तर ते शून्य समजून दहापट मात्रा वाचली जाण्याचा धोका असतो, म्हणून पूर्ण शब्द लिहितात. त्याच कारणाने मात्रा ५ असेल तर ५.० लिहीत नाहीत, आणि अर्ध्याच्या आधी शून्य देऊन ०.५ असे लिहितात. हे नियम पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागचा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा; मग ते विसरत नाहीत.

अलीकडे पुष्कळ फाइली संगणकाने आधीच टंकलिखित केलेल्या येतात आणि आपल्याकडे संपादन उरते. या कामाचा दर कमी असतो, त्यामुळे अनेकांचे मन मोडते. पण येथे अनुभवी कानाची खरी किंमत आहे. यंत्राचा मसुदा इतका सफाईदार असतो की डोळे त्यावरून घसरत जातात आणि 'नो एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर' मधला 'नो' गळून पडलेला लक्षातही येत नाही. म्हणून आधी कानाने ऐकावे, मग डोळ्याने वाचावे; हा क्रम कधीही उलटा करू नये.

घराची घडीही बसवावी लागते. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे बदलली की आपल्या कामाची वेळही तासभर सरकते. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर जेवणाच्या ताटावर कुरबुर ठरलेली. 'तू घरीच असतेस ना' या वाक्यावर माझा उपाय साधा होता: कामाचे तास कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावले आणि त्या तासांत दार लावून घेतले. दार लावण्याला दुसरेही कारण आहे. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याने बंधनकारक आहे. फाइल स्पीकरवर वाजवू नये, पडदा उघडा टाकून उठू नये. इन्व्हर्टर घेताना संगणकासोबत राउटरही त्यावर जोडला आहे ना, हे पाहावे.

शेवटी एक वही ठेवावी. तपासनीसाकडून परत आलेली प्रत्येक दुरुस्ती तारखेसह तिच्यात लिहावी आणि दर रविवारी अर्धा तास ती वाचावी. काही महिन्यांनी दिसू लागते की आपल्या चुका एकाच प्रकारच्या आहेत, आणि एखाद्या शाखेत, समजा हृदयरोग किंवा अस्थिरोग, त्या जवळजवळ थांबल्या आहेत. त्याच शाखेच्या फाइली जास्त द्याव्यात अशी विनंती करावी. वही पुढे ठेवली तर ती सहसा नाकारली जात नाही.