मुलाच्या प्रतिकारशक्तीचा ब्लड रिपोर्ट कसा वाचायचा?

लॅबची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आज संध्याकाळी येते आणि डॉक्टरांची वेळ असते परवाची. मधल्या काळात घरातला प्रत्येकजण ती उघडतो, ठळक अक्षरांतले आकडे मोजतो आणि गूगलवर नको ते वाचून बसतो. निदान डॉक्टरच करतील. पण तोवर रिपोर्टमधलं काय बघण्यासारखं आहे आणि कशावर झोप उडवू नये एवढं कळलं, तरी ओपीडीत मिळणारी दहा मिनिटं सत्कारणी लागतात.

१. आधी मुलाची हकीकत लिहून काढा

रिपोर्ट बाजूला ठेवा. एका कागदावर गेल्या वर्षभरातली आजारपणं लिहा: काय झालं, किती दिवस चाललं, कोणतं औषध दिलं, दाखल करावं लागलं का.

पाळणाघरात किंवा नर्सरीत जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे. त्यातले निम्मे मुंबईच्या पावसाळ्यातच उरकतात आणि एक संपेपर्यंत दुसरा सुरू होतो, म्हणून पोर 'कायमच आजारी' वाटतं. दोन आजारांच्या मध्ये ते नीट खेळतंय, जेवतंय आणि वजन वाढतंय ना, हे बघा.

काळजीची चिन्हं वेगळी आहेत. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, अँटिबायोटिक महिना-दोन महिने देऊनही फरक नसणं, शिरेतून औषध दिल्याशिवाय न हटणारे संसर्ग, खोलवर होणारी गळवं, पहिल्या वाढदिवसानंतरही तोंडात टिकून राहणारी पांढरी बुरशी, वजन न वाढणं. बीसीजीच्या लशीनंतर काखेत मोठी गाठ येऊन पिकली असेल तर तेही लिहा.

मग घरातल्या मोठ्यांना दोन प्रश्न विचारा. बाळाचा एखादा मामा किंवा आईचा मामा तान्हेपणी दगावला होता का? काही प्रतिकारदोष आईकडून मुलग्यांत उतरतात, त्यामुळे हा प्रश्न डॉक्टर हमखास विचारतात. दुसरं, आईवडील नात्यातले आहेत का? मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही आणि सांगायला लाजण्यासारखंही नाही. लपवलं तर नुकसान मुलाचंच.

२. 'नॉर्मल रेंज'च्या रकान्यावर विसंबू नका

बऱ्याच रिपोर्टांत त्या रकान्यात मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते. पाच महिन्यांच्या बाळाचा आकडा पन्नाशीच्या आजोबांच्या पट्टीने मोजला तर 'लो' येणारच. म्हणून रिपोर्टच्या वरच पेनाने मुलाचं वय लिहा, वर्षं आणि महिने दोन्ही. लॅबला फोन करून वयानुसार रेंज मागा. चांगल्या लॅबकडे ती असते.

शिवाय बहुतेक रेंज अशा आखलेल्या असतात की शंभर निरोगी मुलांपैकी सुमारे पाच जण तिच्या बाहेर पडतात. वीस आकड्यांचा रिपोर्ट असेल तर त्यातला एखादा थोडा इकडेतिकडे असणं हा निव्वळ गणिताचा भाग आहे.

३. सीबीसीमध्ये टक्के सोडा, खरी संख्या काढा

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी. सगळ्यात स्वस्त तपासणी हीच आणि सगळ्यात कमी लक्ष देऊन वाचली जाणारीही हीच. महागडे पॅनेल हातात असले तरी सुरुवात इथूनच करा.

लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल हे पांढऱ्या पेशींचेच दोन प्रकार. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या घ्या, तिला लिम्फोसाइटच्या टक्क्याने गुणा आणि १०० ने भागा. येईल ती लिम्फोसाइटची खरी संख्या. न्यूट्रोफिलचंही असंच.

सात महिन्यांच्या दोन बाळांचं उदाहरण घेऊ. पहिल्याच्या पांढऱ्या पेशी ११,५०० आणि लिम्फोसाइट ६५ टक्के. दोन्हींपुढे 'हाय' छापलंय, आजी हवालदिल. हिशोब केला तर ७,४७५. या वयात ४,००० ते १३,००० हे ठीकच असतं, तेव्हा बाळ उत्तम. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलांत लिम्फोसाइटच जास्त असतात, पुढे न्यूट्रोफिल वरचढ होतात.

दुसऱ्याच्या पेशी ६,००० आणि लिम्फोसाइट ३० टक्के. रिपोर्टवर एकही खूण नाही, कारण मोठ्यांच्या पट्टीत दोन्ही आकडे चपखल बसतात. हिशोब मात्र १,८०० निघतो. वर्षाच्या आतल्या बाळात हा आकडा ३,००० च्या खाली असेल तर पुन्हा तपासून बघावाच लागतो, कारण 'स्किड' नावाच्या गंभीर जन्मजात प्रतिकारदोषाची पहिली खूण बहुधा हीच असते. लाल खुणा नसलेला रिपोर्टही वाचायचा तो एवढ्यासाठी.

न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली म्हणजे कमी आणि ५०० च्या खाली म्हणजे फार कमी. विषाणूच्या तापानंतर ते तात्पुरते उतरतात, म्हणून डॉक्टर सहसा काही आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करायला सांगतात. आणखी एक ओळ नजरेखालून घाला: मुलगा असून प्लेटलेट कमी, त्यांचा आकार दाखवणारा एमपीव्हीही कमी आणि अंगावर एक्झिमा, हे तिन्ही एकत्र असतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

४. आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीई

हे अँटिबॉडींचे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचे, चार प्रकार. आधी एकक बघा. एक लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर लिहिते, दुसरी ग्रॅम प्रति लिटर. ३.२ ग्रॅम प्रति लिटर म्हणजेच ३२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'शंभर पटीने घसरलं' असा घोटाळा इथे होतो.

बाळ जन्मतं ते आईचं आयजीजी घेऊन. ते नाळेतून येतं, बरंचसं शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे ते कमी असतं. आईकडून आलेलं हळूहळू संपतं आणि बाळाचं स्वतःचं तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास आयजीजी तळाला असतं. पाच महिन्यांच्या धडधाकट बाळाचं ३२० असेल तर त्यात आजार नाही. काही मुलांत ही घसरण लांबते आणि तीन-चार वर्षांचं होईतो आपोआप भरून निघते. मूल वाढतंय आणि लशींना प्रतिसाद देतंय, तर डॉक्टर फक्त लक्ष ठेवतात.

आयजीए सगळ्यात संथ, थेट किशोरवयापर्यंत वाढत राहतं. दोन वर्षांच्या मुलाचं 'लो' आयजीए बघून घाबरू नका. चार वर्षांच्या आत आयजीएच्या कमतरतेचं पक्कं निदान करतच नाहीत, आणि ती असलेल्या बऱ्याच लोकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही.

आयजीईवर लोक सगळ्यात जास्त घाबरतात, बहुतेकदा विनाकारण. ॲलर्जी, दमा, एक्झिमा, पोटातले जंत यांपैकी काहीही ते वाढवतं. आकडा हजारांत असेल आणि जोडीला वारंवार गळवं, न्यूमोनिया असतील तर मात्र विषय वेगळा.

आयजीजी खरोखर कमी असेल तर अल्ब्युमिन हे रक्तातलं दुसरं प्रथिनही बघा. दोन्ही कमी असतील तर प्रथिनं लघवीतून किंवा आतड्यातून गळत असण्याची शक्यता जास्त. मग प्रश्न मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा ठरतो.

५. सीडी ३, सीडी ४, सीडी ८, सीडी १९

फ्लो सायटोमेट्री म्हणजे लिम्फोसाइटची जातवारी. सीडी ३ म्हणजे टी पेशी, त्यांचेच दोन गट सीडी ४ आणि सीडी ८. सीडी १९ म्हणजे बी पेशी, अँटिबॉडी बनवणाऱ्यांचं मूळ. सीडी १६/५६ म्हणजे एनके पेशी. इथेही टक्के सोडून संख्या बघा आणि वय विसरू नका. मोठ्या माणसात सीडी ४ चे ९०० छान, सहा महिन्यांच्या बाळात ते कमी. मुलग्यात सीडी १९ जवळजवळ शून्य, आयजीजी, आयजीए, आयजीएम तिन्ही तळाला आणि घशात टॉन्सिल दिसत नाहीत, असं चित्र असेल तर बी पेशीच न बनण्याच्या जन्मजात दोषाकडे बरंच स्पष्ट बोट जातं.

याच टप्प्यावर एचआयव्हीची तपासणी सांगितली तर बिचकू नका, ती नेहमीचीच आहे. दीड वर्षाच्या आतल्या बाळात आईच्या अँटिबॉडी सापडू शकतात, म्हणून तिथे थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी करतात.

६. पेशी काम करतात का?

अकरा खेळाडू मैदानात उतरले एवढ्यावरून सामना कळत नाही. धनुर्वाताच्या लशीविरुद्धच्या अँटिबॉडी लशीआधी आणि लशीनंतर सुमारे चार आठवड्यांनी मोजतात. वाढल्या तर यंत्रणा चालते. न्यूट्रोफिल जंतू मारतात का, हे डीएचआर तपासणीत कळतं. वारंवार गळवं होणाऱ्या मुलात सीबीसी अगदी चांगला आणि डीएचआर बिघडलेला, असं घडू शकतं.

७. सॅम्पलच्या दिवशी काय चाललं होतं?

धाप लागते म्हणून दिलेलं स्टिरॉइडचं सिरप लिम्फोसाइट उतरवतं आणि न्यूट्रोफिल चढवतं. फिट्सच्या काही औषधांनी आयजीए कमी होतं. आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटिबॉडींचं औषध) दिल्यानंतरचं आयजीजी हे रक्तदात्यांचं असतं, मुलाचं नाही, म्हणून ते देण्याआधीचा रिपोर्ट जिवापाड जपा. रक्त चढवलं असेल तर तारीख लिहा. फ्लो सायटोमेट्री आणि डीएचआरला ताजं रक्त लागतं. शनिवारी दुपारी घरून नेलेलं सॅम्पल सोमवारी मशीनवर चढलं असेल, तर त्या आकड्यांवर माझा तरी विश्वास बसणार नाही.

८. पुढे कुठे आणि तोवर काय?

संशय टिकला तर बालरोगतज्ज्ञांकडून इम्युनॉलॉजिस्टच्या नावे चिठ्ठी घ्या. मुंबईत परळ गाठावं. बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात इम्युनॉलॉजी विभाग आहे, आणि जन्मजात प्रतिकारदोषांवर काम करणारी आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची एनआयआयएच ही संस्था तिथून जवळच, केईएम रुग्णालयाच्या आवारात. जाताना सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, छातीचा एक्स-रेसुद्धा. खर्चाचा धसका घेऊन घरी बसू नका. स्किडसारख्या काही आजारांतलं बोनमॅरो प्रत्यारोपण दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात येतं आणि त्या धोरणाखालच्या केंद्रांत केईएमही आहे.

लशी स्वतःच्या मनाने थांबवू नका. २०२२ मध्ये गोवंडी-मानखुर्दकडे गोवराची साथ आली तेव्हा लस न घेतलेल्या मुलांचे हाल झाले. मात्र गंभीर दोषाचा संशय असेल, तर बीसीजी, रोटाव्हायरस, तोंडावाटेचा पोलिओ, गोवर-रुबेला या जिवंत लशींबद्दल पुढचा डोस घेण्याआधी विचारा. भावंडाच्या पोलिओ डोसबद्दलही विचारा. 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या सिरपवर पैसे घालवू नका, वरच्यापैकी एकही आकडा त्याने सुधारत नाही.

आणि न्यूट्रोफिल ५०० च्या खाली किंवा बाळाचे लिम्फोसाइट फारच कमी असतील आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर परवाची वेळ विसरा. रात्र असली तरी रिपोर्ट घेऊन थेट रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा आणि पोहोचल्या पोहोचल्या पहिल्या वाक्यात तो आकडा सांगा.