लाकडी पॉटमधले हापूसचे आइस्क्रीम

हाताने फिरवण्याच्या पॉटमध्ये आइस्क्रीम करायचे ठरले, की कामाला आदल्या संध्याकाळीच लागावे. वर्षभर माळ्यावर पडून राहिलेल्या लाकडी बादलीच्या फळ्या सुकून आकसलेल्या असतात, आणि बादली रात्रभर पाण्याने भरून ठेवली तरच त्या फुगून त्यांच्यामधल्या फटी बुजतात. दूधही त्याच संध्याकाळी आटवून ठेवावे. पुढील प्रमाण ३ लिटरच्या पॉटसाठी असून ते दहा-बारा माणसांना पुरते.

दीड लिटर म्हशीचे दूध मंद आचेवर साधारण सव्वा लिटर होईपर्यंत आटवावे. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या थंड दुधात कालवून उकळत्या दुधात सोडावे आणि पाच मिनिटे सतत ढवळावे, अन्यथा कच्च्या पिठाची चव आइस्क्रीममध्ये शेवटपर्यंत राहते. त्यानंतर सुमारे २२५ ग्रॅम साखर विरघळवून भांडे खाली उतरवावे आणि मिश्रण निवल्यावर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून मिश्रण चाखताना किंचित जास्त गोड लागले पाहिजे. मात्र साखर फार वाढवली तर आइस्क्रीम नीट गोठत नाही. चार मोठ्या, पूर्ण पिकलेल्या हापूसचा साधारण अर्धा लिटर रस आणि २०० ग्रॅम ताजी साय मिक्सरमधून फिरवून दुसऱ्या दिवशी या गार दुधात मिसळावी. आंब्याचा रस गरम दुधात कधीही घालू नये, कारण त्यातील आंबटपणाने दूध फाटू शकते. डबाबंद रसापेक्षा ताज्या फळाचाच आग्रह धरावा असे मी मनापासून सांगेन, कारण हापूसचा जो वास या आइस्क्रीममध्ये उतरतो, त्यासाठीच तर हा सारा खटाटोप असतो.

आता बर्फाकडे वळू. सहा-सात किलो बर्फ गोणपाटात गुंडाळून मोगरीने सुपारीएवढे तुकडे होईपर्यंत फोडावा आणि सव्वा किलो खडे मीठ हाताशी ठेवावे. नुसता बर्फ ० अंश सेल्सिअसला वितळतो, पण साखरेमुळे दुधाचे मिश्रण त्याहून कमी तापमानाला गोठत असल्याने नुसत्या बर्फाने आइस्क्रीम होत नाही. मीठ बर्फाचा वितळणांक खाली आणते. त्यामुळे बर्फ भराभर वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता बादलीत बसणाऱ्या डब्यातील दुधातून ओढून घेतो. मीठ आणि बर्फाच्या मिश्रणाचे तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते, परंतु घरी तितक्या थंडाव्याची गरज नसते. घाई म्हणून सुरुवातीलाच भरपूर मीठ टाकले, तर डब्याच्या कडेचे दूध एकदम घट्ट होऊन हँडलने आत फिरणारा पंखा अडकतो आणि मधले दूध पातळच राहते.

डबा दोन-तृतीयांशच भरावा, कारण फिरवताना मिश्रणात हवा शिरून ते फुगते. तो बादलीत बसवून भोवती चार बोटे बर्फ, त्यावर दोन मुठी मीठ, असे थर डब्याच्या झाकणाखाली दोन बोटांपर्यंत रचावेत. हँडलने फिरणाऱ्या पंख्याच्या या यंत्राचे पेटंट १८४३ मध्ये नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन महिलेने घेतले होते, आणि त्याची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. पंखा कडेला धरलेले बर्फाचे कण सतत खरवडून मध्ये ढकलतो. कण मोठे होण्यास वाव न मिळाल्यामुळेच आइस्क्रीम मऊ होते. म्हणून हँडल एकाच दिशेने आणि न थांबता फिरले पाहिजे, आणि इथेच घरातील सर्वांची गरज लागते. पहिली दहा मिनिटे हँडल हलके असते, ती मुलांकडे द्यावीत. मधला वेळ आळीपाळीने काढावा. शेवटी हँडल जड होते तेव्हा एकाने बादली घट्ट धरावी आणि ताकदीच्या माणसाने फिरवावे. एखाद्या आजींना केवळ आवाजावरून दूध धरू लागल्याचे कळते. त्यांना जवळच खुर्ची द्यावी. मीठ घातलेला बर्फ मुलांच्या हाती मात्र देऊ नये, तो त्वचेला भाजल्यासारखी इजा करतो.

साधारण अर्ध्या-पाऊण तासाने हँडल फिरेनासे झाले, की बादलीतील खारे पाणी काढून टाकावे आणि झाकण व त्याची कड ओल्या फडक्याने पुसूनच डबा उघडावा. खाऱ्या पाण्याचा एक चमचा आत गेला तरी सारे आइस्क्रीम वाया जाते. पंखा काढून मुलांच्या स्वाधीन करावा. झाकण पुन्हा लावून त्याचे भोक बुचाने बंद करावे, नवा बर्फ आणि या वेळी थोडे अधिक मीठ घालून बादली गोणपाटाने झाकावी आणि दीड ते दोन तास तशीच ठेवावी.

उरलेले खारे पाणी तुळशीच्या किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नये, झाडे जळतात. पॉटचा लोखंडी भाग त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, दात्यांना तेलाचा हात लावून मगच माळ्यावर ठेवावा.