व्हिडिओत रिक्षा ट्रॅक करताय? ट्रॅकरला कधी शिकवायचं नाही ते आधी ठरवा

पहिल्या फ्रेममधला रिक्षाचा तुकडा घेऊन तोच पुढे शोधत बसलात तर थोडा वेळ बरं चालतं, मग रिक्षा वळते, झाडाच्या सावलीत जाते आणि काहीच मॅच होत नाही. म्हणून मॉडेल चालता चालता बदलावं लागतं. सुरुवातीला मॉसे (MOSSE, फिल्टर लावून वस्तू शोधणारा ट्रॅकर) घ्या, २०१० चा आहे पण स्वतः कोड लिहून बघायला मस्त, आणि पळतो पण तुफान (मूळ पेपरमधे सेकंदाला ६६९ फ्रेम्स दिल्यात).

रिक्षाभोवतीचा बॉक्स ग्रेस्केल करा, पिक्सेलचा लॉग घ्या, सरासरी शून्यावर आणा आणि कडेला शून्य होणारी कोसाइन विंडो लावा, नाहीतर एफएफटीत (चित्र फ्रिक्वेन्सीत बदलणारं गणित, फिल्टर त्यातच चालतो) डावी कड उजवीला चिकटते आणि तिथे नसलेलीच रेघ दिसायला लागते. मधोमध टोक असलेला गॉसियन (घंटेसारखा उंचवटा) हे फिल्टरकडून हवं असलेलं उत्तर. पहिला बॉक्स जरासा फिरवून-ताणून आठेक कॉप्या करा, त्यावरून फिल्टर काढा, पण फिल्टर हा भागाकार असतो, त्याचे अंश आणि छेद वेगवेगळे ठेवा, अपडेट दोघांचं स्वतंत्र होतं. नवीन फ्रेम आली की जुन्या जागेचा तुकडा फिल्टरमधून काढायचा, जिथे टोक तिथे रिक्षा.

आता खरी गोम. अपडेट म्हणजे ०.१२५ गुणिले आत्ताचं अधिक ०.८७५ गुणिले जुनं. समजा मधे बस आली आणि तुम्ही अपडेट चालूच ठेवलंत, तर दहा फ्रेममधे जुन्या रिक्षाचा वाटा साधारण २६ टक्क्यांवर येतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत ट्रॅकर बस शिकून मोकळा! आणि मग तो बसच्या मागे एकदम कॉन्फिडन्सने जातो.

त्यासाठी पीएसआर (टोक बाकीच्या भागापेक्षा किती ठळक आहे त्याचा आकडा) मोजा: टोकाभोवतीचा ११ बाय ११ चा चौकोन सोडून उरलेल्या भागाची सरासरी टोकातून वजा करा आणि त्याच भागाच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा. नीट चाललं असेल तर २० ते ६०, सातच्या आसपास आला की वस्तू झाकली गेली किंवा हरवली समजा. आठच्या खाली गेला की अपडेट बंद, बॉक्स आहे तिथेच, फक्त शोधत राहायचं. हा आकडा स्क्रीनवर छापाच, डोळ्यांनी बघितल्याशिवाय थ्रेशोल्ड जमत नाही. हळूहळू सरकणारा बॉक्स मात्र यात सापडत नाही, कारण मॉडेलही सोबत सरकत असतं, तिथे रेट (वरचा ०.१२५) कमी करून बघा.

रिक्षा लांब जाऊन बारीक होत असेल तर मॉसे सोडा, बॉक्सची साइज तो बदलतच नाही. ओपनसीव्ही या लायब्ररीतला सीएसआरटी ट्रॅकर लावा, स्लो आहे पण साइज सांभाळतो.