घरचा पीसी बाहेरून वापरायचाय? फुकटचा प्रॉक्सी सोडा, स्वतःचा सर्व्हर मधे टाका

रिमोट डेस्कटॉपसाठी (दूरवरून आपल्या पीसीची स्क्रीन उघडून वापरण्यासाठी) कुठला प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, घेऊ असं विचारणाऱ्या बहुतेकांना तो फुकटातला हवा असतो. नका घेऊ. सॉक्स५ हा नेहमीचा प्रॉक्सी प्रकार स्वतः काहीच एन्क्रिप्ट करत नाही, जे काही संरक्षण आहे ते आरडीपीच्या (रिमोट डेस्कटॉपच्या प्रोटोकॉलच्या) स्वतःच्या टीएलएस एन्क्रिप्शनचं, आणि प्रॉक्सीवाल्याला तुम्ही कुठून कुठे, कधी, किती वेळ जोडलेले होतात हे सगळं दिसतं. वर तो लबाड असेल तर मधे बसून घरच्या पीसीच्या ओळखपत्राऐवजी स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करणार, विंडोज वॉर्निंग दाखवणार आणि आपण सवयीने येस दाबणार, कारण पीसीने स्वतःच बनवलेल्या, म्हणजे सेल्फ साइन्ड सर्टिफिकेटमुळे ती वॉर्निंग एरवीही येतच असते.

दुसरं टोक म्हणजे राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा) सरळ उघडा सोडणं. २०१९ मधे ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं ते आठवा, लॉगिन न करताच जुन्या विंडोजमधे शिरता येत होतं. आणि तसंही आपल्याकडे बऱ्याच घरगुती कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट दिसणारा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे बाहेरून घरच्या मशीनपर्यंत थेट पोचताच येत नाही.

तर करायचं असं. एक छोटा लिनक्स व्हीपीएस (कंपनीकडचा आभासी सर्व्हर) भाड्याने घ्या, सगळ्यात स्वस्त प्लॅन पुरतो. त्यावर पासवर्ड लॉगिन बंद, फक्त एसएसएच की (किल्लीची फाइल) ने. मग घरच्या पीसीवरून एसएसएच (सर्व्हरला एन्क्रिप्टेड जोडणी करणारी कमांड) लावायचं, कॅपिटल आर ऑप्शन देऊन पुढे १३३८९:लोकलहोस्ट:३३८९, आणि शेवटी सर्व्हरचं युजरनेम आणि पत्ता. विंडोज १० आणि ११ मधे एसएसएच बहुतेक ठिकाणी आधीच असतं. याने सर्व्हरवर १३३८९ उघडतो पण तो डिफॉल्टने फक्त त्या सर्व्हरच्या आतूनच दिसतो, बाहेरच्या जगाला नाही, ही सेटिंग बदलू नका. बाहेर असताना लॅपटॉपवर तसंच, फक्त आर ऐवजी कॅपिटल एल आणि १३३८९:लोकलहोस्ट:१३३८९. आता रिमोट डेस्कटॉपमधे पत्ता टाका लोकलहोस्ट:१३३८९, झालं. घरचा पीसी प्रो व्हर्जनचा हवा, होमला रिमोट डेस्कटॉपने बाहेरून जोडता येत नाही. स्लीप बंद ठेवा, एनएलए (स्क्रीन उघडण्याआधीच लॉगिन तपासणारी सेटिंग) चालू ठेवा, आणि सर्टिफिकेटचा थंबप्रिंट (ओळखीचा लांब कोड) निघण्याआधी घरीच लिहून घ्या म्हणजे वॉर्निंग आली की ताडून बघता येतो. ऑफिसच्या मशीनवर हे आयटीला न विचारता करू नका, नोकरी जाऊ शकते.

आता स्पीड. लोक एमबीपीएस बघतात, पण इथे खरा खेळ लेटन्सीचा, म्हणजे डेटा जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा आहे. घर पुण्यात, तुम्ही दुबईत आणि सर्व्हर मुंबईत असेल तर तो वाटेतच आहे, फारसा फरक पडत नाही. तोच सर्व्हर स्वस्त मिळाला म्हणून अमेरिकेत घेतलात तर प्रत्येक की दाबली की ती तिकडे जाऊन येणार, पुण्याहून साताऱ्याला नाशिकमार्गे जाण्यातला प्रकार. कितीही फायबर असो, टाइप केलेलं अक्षर उशिराच उमटणार.

एक तोटा मात्र आहेच. आरडीपी जमेल तिथे यूडीपी (हरवलेल्या डेटासाठी न थांबणारी पद्धत) वापरतं आणि एसएसएच टनेलमधून फक्त टीसीपी (हरवलेलं परत मागवत थांबणारी पद्धत) जातं, त्यामुळे एसटीत बसून मोबाईल डेटावर व्हिडिओ बघायला गेलात तर अडखळणार, एक्सेल आणि टॅलीला चालतंय. वॉलपेपर आणि अॅनिमेशन बंद करा. एसएसएचचं कॉम्प्रेशन लावू नका, आतला डेटा आधीच एन्क्रिप्टेड असतो, तो दबत नाही, उगाच सीपीयू खातो.

प्रायव्हसीचं म्हणाल तर व्हीपीएसवाल्याला स्क्रीन दिसत नाही, पण आयपी आणि वेळ दिसते. सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएस कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी वगैरे माहिती ग्राहक सोडून गेल्यावरही ५ वर्षं ठेवायची आहे, त्यामुळे यातून निनावी व्हाल असं समजू नका. चोरांपासून वाचाल, एवढंच.

आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते म्हणजे स्वतःचाच लॅपटॉप. क्लिपबोर्ड आणि ड्राइव्ह शेअरिंग लागत नसेल तर रिमोट डेस्कटॉपच्या लोकल रिसोर्सेस टॅबमधून काढून टाका. एक्सपिरियन्स टॅबमधलं पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग स्पीडसाठी चांगलं असतं, पण रिमोट स्क्रीनचे तुकडे त्या लॅपटॉपच्या डिस्कवर साठतात आणि नंतर काढून बघता येतात. स्वतःच्या मशीनवर ठेवा, दुसऱ्याच्या मशीनवरून जोडत असाल तर टिक काढूनच कनेक्ट दाबा.