पीएसए चाचणीचं कोडिंग: स्क्रीनिंग कधी आणि डायग्नोस्टिक कधी

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेचे चार्ट (पेशंटच्या नोंदी) कोड करणाऱ्यांना पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्तचाचणी, काही नवी नाही. लॅबमध्ये नळी तीच आणि मशीनही तेच, पण मेडिकेअरच्या (अमेरिकेतील मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) क्लेमवर हीच चाचणी कधी जी ०१०३ म्हणून जाते, कधी ८४१५३ म्हणून. कोणता कोड लावायचा हे रक्त कशासाठी काढलं यावर ठरतं. रिपोर्टमध्ये काय आलं याचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणून चार्ट उघडल्यावर लॅब रिपोर्टला हात लावू नका. आधी ऑर्डर वाचा, मग त्या भेटीची डॉक्टरांची नोंद. पेशंटला लघवीची तक्रार नाही, आधी पीएसए वाढलेला नाही, प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला नाही, आणि चाचणी केवळ वय झालं म्हणून सांगितली आहे, तर ते स्क्रीनिंग. निदान झेड १२.५, चाचणी जी ०१०३. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता असं लिहिलं असेल, तर झेड ८०.४२ दुय्यम म्हणून जोडा. घराण्यात आजार असला तरी पेशंटला लक्षणं नसतील तर चाचणी स्क्रीनिंगच राहते.

लक्षण, जुना वाढलेला पीएसए किंवा आधीचा आजार यासाठी चाचणी सांगितली असेल, तर ८४१५३, आणि निदान त्या कारणाचं. प्रोस्टेट वाढलेली आणि रात्री लघवीला उठावं लागतं, असं असेल तर एन ४०.१ आणि सोबत आर ३५.१. नुसती वाढलेली प्रोस्टेट, लघवीचा काहीच त्रास नाही, तर एन ४०.०. मेडिकेअरच्या डायग्नोस्टिक पीएसएच्या धोरणात चालणाऱ्या निदानांची यादी आहे. झेड १२.५ लावून ८४१५३ पाठवला की क्लेम परत येतो, कारण एकच क्लेम दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतो. खासगी विमा कंपन्यांचं मात्र वेगळं असतं. अनेकांना जी कोड नकोच असतो, स्क्रीनिंगलाही ८४१५३ आणि झेड १२.५ हीच जोडी लागते. पेयरची (पैसे देणाऱ्या विमा कंपनीची) पॉलिसी उघडून बघा, मागच्या क्लायंटच्या सवयीवर जाऊ नका.

आता एक चार्ट जवळून बघू. वय ६८. तक्रारीच्या परिच्छेदात लिहिलंय, 'रात्री तीनदा उठावं लागतं, धार बारीक झाली आहे'. खाली तपासणीच्या टेम्प्लेटमध्ये 'लघवीची कोणतीही तक्रार नाही'. ऑर्डरवर 'वार्षिक पीएसए'. तिन्ही ओळी एकाच दिवशी, एकाच सहीखाली. टेम्प्लेटची ओळ मागच्या भेटीतून जशीच्या तशी आली असणार, पण हे आपण ठरवायचं नाही. इथे अंदाजाने कोड लावलात तर ऑडिटमध्ये दोन्ही बाजूंनी सापडाल. डॉक्टरांना क्वेरी (लेखी प्रश्न) पाठवा, आणि तीही उत्तर न सुचवता: 'या भेटीतील पीएसए चाचणीचं कारण कृपया स्पष्ट करावं: लक्षणं नसताना स्क्रीनिंग, नोंदवलेल्या लक्षणांसाठी, इतर, सांगता येत नाही.' 'हे डायग्नोस्टिकच ना?' असं विचारलेली क्वेरी ऑडिटर बाजूला काढतो, आणि त्याचं बरोबर असतं.

'कॅन्सर आहे का पाहण्यासाठी' किंवा 'कॅन्सरची शक्यता' असं लिहिलं म्हणून सी ६१, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरचा कोड, लावू नका. बाह्यरुग्ण कोडिंगमध्ये शक्यता, संशय यांना निदानाचा कोड मिळत नाही. लक्षण किंवा आढळलेली गोष्ट कोड होते. नवीन कोडरची ही चूक सर्वांत महागात पडते, कारण तो सी ६१ पेशंटच्या प्रॉब्लेम लिस्टमध्ये जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं पुढच्या चार्टमध्ये उतरत राहतो.

स्क्रीनिंगचा रिपोर्ट वाढलेला आला तर? झेड १२.५ पहिलाच राहतो, कारण भेट स्क्रीनिंगसाठीच होती. आर ९७.२० त्याच्यामागे जोडता येतो, पण 'पीएसए ६.८' एवढा आकडा बघून नाही. पीएसए वाढलेला आहे असं डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. पुढे पुन्हा रक्त काढलं, की ती चाचणी डायग्नोस्टिक: ८४१५३ आणि आर ९७.२०. तिथे झेड १२.५ आणू नका. पेशंट फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेत असेल, तर डॉक्टरांनी ते नोंदवणं गरजेचं आहे. ही औषधं काही महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणतात, त्यामुळे आकडा नॉर्मल दिसत असूनही डॉक्टर त्याला वाढलेला म्हणू शकतात. कारण लिहिलेलं नसेल तर वाचणाऱ्याला ते निदान चुकीचं वाटतं.

कॅन्सर होऊन गेलेल्यांचं स्क्रीनिंग होत नाही. प्रोस्टेट काढलेली, उपचार पूर्ण, आता फक्त पाठपुरावा: पाठपुराव्याचा झेड ०८, कॅन्सरच्या इतिहासाचा झेड ८५.४६ आणि अवयव काढल्याचा झेड ९०.७९. उपचारानंतर पीएसए चढू लागला असं डॉक्टरांनी लिहिलं तर आर ९७.२१. पण अॅक्टिव्ह सर्व्हेलन्सवर (उपचार न करता नियमित लक्ष ठेवणं) असलेला किंवा हॉर्मोनची इंजेक्शनं घेणारा पेशंट 'इतिहास' नव्हे, त्याला सी ६१ च. 'प्रोस्टेट कॅन्सरचा इतिहास' हे शब्द डॉक्टर दोन्ही अर्थांनी सर्रास वापरतात, तेव्हा औषधांची यादी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन स्क्रीनिंगमधलं मेडिकेअरचं अंतर तारखेने मोजत नाहीत, महिन्याने मोजतात. मागची स्क्रीनिंग झाली त्या महिन्यानंतर पूर्ण अकरा महिने जावे लागतात. १५ मार्च २०२४ ला झाली असेल तर मोजणी एप्रिलपासून सुरू होते, फेब्रुवारी २०२५ ला अकरा महिने भरतात, आणि १ मार्च २०२५ ला पेशंट पुन्हा पात्र होतो. वयाची अट पन्नासाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण होते. मागची चाचणी दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये झाली असेल तर ती आपल्या चार्टमध्ये दिसत नाही, म्हणून पात्रतेची तारीख पेयरच्या पोर्टलवर बघावी लागते. मुदत भरली नसतानाही पेशंटला चाचणी हवीच असेल, तर रक्त काढण्यापूर्वी एबीएन फॉर्मवर (मेडिकेअरने पैसे दिले नाहीत तर पेशंटला द्यावे लागतील अशी आगाऊ सूचना) सही घ्या आणि क्लेमवर जीए मॉडिफायर (सही घेतल्याची खूण) लावा. सही नंतर घेतली तर ती कामाची नाही. मग जीझेड (सही नसल्याची खूण) लागतो आणि पैसे पेशंटकडून मागता येत नाहीत.

जी ०१०२, म्हणजे बोटाने केलेली प्रोस्टेट तपासणी. त्याच दिवशी कव्हर होणारी ऑफिस व्हिजिट असेल तर ही तिच्यातच धरली जाते, वेगळे पैसे नाहीत. तपासणी एकटीच असेल, किंवा मेडिकेअर देत नाही अशा ९९३९७ सारख्या वार्षिक भेटीत झाली असेल, तर वेगळी लावता येते. पेशंटला बिलाचं आधीच सांगितलेलं बरं: स्क्रीनिंग पीएसएला डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि कोइन्शुरन्स (बिलातला पेशंटचा वाटा) नाही, बोटाच्या तपासणीला दोन्ही आहेत. 'एक फुकट आणि दुसऱ्याचे पैसे का?' असा फोन बिलिंग डेस्कला येतोच.

क्लेम सोडण्याआधी सीएमएस १५०० फॉर्मवर तीन जागा बघा: रकाना २१ मध्ये निदानांचा क्रम, २४ ई मध्ये पॉइंटर चाचणीच्या बरोबर निदानाकडे आहे का, आणि २३ मध्ये लॅबचा सीएलआयए नंबर (लॅबच्या सरकारी प्रमाणपत्राचा क्रमांक). आयसीडी, म्हणजे निदानाचे, कोड दर वर्षी १ ऑक्टोबरला बदलतात. ३० सप्टेंबरला काढलेलं रक्त ऑक्टोबरात कोड करत असलात, तरी जुनंच वर्ष लागतं.